राजवाडा वर, सराफा खाली

आमच्या इंदूरच्या मराठी मंडळाची नवी स्मरणिका निघते आहे आणि ती तयार करणारी तरुण मंडळी माझ्या मागे लागली आहेत. "काका, तो टीव्हीच्या वायरचा किस्सा लिहून द्या ना. पब्लिकला फार आवडतो."

किस्सा असा की माझ्या घरमालकांनी एकदा दोन कंप्यूटर एकमेकांना जोडायला केबल टीव्हीची वायर लावली. कंप्यूटर काही बोलेनात. मग मी ती वायर ओढून काढली, दुसरी लावली, आणि मंडळाची फोटोंसकट पहिली मोठी स्मरणिका वेळेवर निघाली. किस्सा चांगला आहे. सांगता सांगता मीही त्यात शेव-कांदा घातला आहे. फक्त तो खोटा आहे. वायर बरोबर होती, चूक माझी होती. आता वय असं आहे की उद्यावर काही टाकवत नाही. म्हणून हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मालकांबद्दल मोकळेपणाने लिहिता येईल.

मालकांचं घर स्नेहलतागंजात, स्टेशनवरून सामान हातात घेऊन चालत येता येईल इतक्या अंतरावर. खाली ते आणि त्यांची बायको, वर भाड्याने मी आणि मंदा. घर त्यांचं होतं म्हणून ते मालक, असं नव्हे. हे नाव त्यांना मिलमध्येच पडलेलं. कापड मिलमध्ये मागाला साचा म्हणायचे आणि साच्यांच्या दोन-दोन रांगा ज्याच्या हुकमात चालतात तो जॉबर. ते जॉबर होते. मी त्याच मिलच्या ऑफिसात इंग्रजी टायपिस्ट. एकदा खुद्द शेठ खात्यात आले, तर यांनी त्यांना दारातच अडवलं. "सेठजी, पहले दुपट्टा सम्हालो. साचा सेठ को नहीं पहचानता." शेठनी दुपट्टा कमरेला खोचला आणि तेव्हापासून आमच्या जॉबरचं नाव मालक पडलं. ही गोष्ट मी फक्त त्यांच्याच तोंडून ऐकली आहे, पण तिच्यावर कधी कोणी शंका घेतली नाही. त्यांच्या मिशांकडे बघून घ्यावीशी वाटत नसे.

साचेखात्यात इतका आवाज असायचा की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नसे. तिथली माणसं ओठ हलवून आणि हाताच्या खुणा करून बोलत. मालकांची ही सवय घरीही गेली नाही. एरवी त्यांचा आवाज गल्लीच्या टोकाला पोचायचा, कारण कान अर्धे गेलेले. पण खासगी काही सांगायचं असलं की आवाज पूर्ण बंद व्हायचा आणि फक्त ओठ हलायचे. नवा माणूस घाबरून जायचा. मालकीणबाई ही भाषा शिकल्या होत्या. दोघांची भांडणं अशी की ते चौकात उभे, त्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, आणि तासभर कडाक्याचं भांडण चाललेलं, आवाज मात्र फक्त भांड्यांचा. आमच्या माडीच्या मधोमध, खाली उजेड जावा म्हणून, लोखंडी जाळी बसवलेली होती. तिच्यातून मंदा खाली बघायची आणि मला खबर द्यायची, "आज मालकीणबाई जिंकताहेत बहुतेक."

काही खुणा मीही शिकलो. तळवा जमिनीकडे करून पुढे सरकवला तर 'चालू राहू दे'. मूठ वर केली तर 'थांबव'. डाव्या हाताच्या बोटांचा गोल करून त्यातून उजव्या हाताची दोन बोटं एकत्र घातली तर 'दोन धागे एका डोळ्यात'. साच्यावर प्रत्येक धागा तारेच्या आपापल्या बारीक डोळ्यातून ओवावा लागतो. दोन धागे एकाच डोळ्यात गेले की कापडात शेवटपर्यंत दोष पडत जातो आणि कारण सहजी सापडत नाही. ही खूण ते घरात सर्रास वापरत. दूधवाल्याच्या दोन्ही मुलांनी एकच फटफटी चालवायला मागितली, तरी 'दोन धागे एका डोळ्यात'.

घराण्याचा अभिमान म्हणाल तर तो भिंतीवर टांगलेला होता. पूर्वज होळकरांच्या घोडदळात होते आणि त्याचा पुरावा म्हणून एक लोखंडी रिकीब होती. मालक रोज आंघोळ झाली की तिला हात लावून नमस्कार करत आणि तिच्यातच जिन्याची किल्ली अडकवत.

मंदाने एकदा विचारलं, "मालक, रिकीब एकच कशी हो?"

"वहिनी, दुसरी घोड्यासोबत गेली."

मिलला टाळं लागलं तेव्हा खात्यातली माणसं फाटकाशी रडली, भांडली, घोषणा देऊन घसा बसवून आली. मालक घरी आले आणि तेलाची झारी काढली. दारांच्या बिजागऱ्या, मालकीणबाईंचं शिलाई मशीन, आमचा पंखा, समोरच्यांची सायकल, गल्लीतल्या हातपंपाचा दांडा, सगळ्यात त्यांनी तेल घातलं. त्यानंतर झारी त्यांच्या हातातून सुटलीच नाही. कुठे काही करकरलं की हे हजर. लोक हसायचे, पण आमच्या गल्लीत त्या काळात एकही दार वाजत नव्हतं.

मला तेल घालायला काहीच नव्हतं. नोकरी गेली, आणि देपालपूरहून मेहुण्याचा निरोप आला की धान्याच्या अडतीवर लिहायला माणूस हवाच आहे, या. मेहुणा वाईट नव्हता. पण त्याच्या 'या' मध्ये जे होतं ते मंदाला पहिल्याच दिवशी ऐकू आलं. ती म्हणाली, "तिथे गेलो तर मी कायमची धाकटी बहीण आणि तुम्ही कायमचे आश्रित. इंदूर नाही सोडायचं." मग आम्ही कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेले दोन जुने कंप्यूटर घेतले आणि लग्नपत्रिका, बिलबुकं, कोणाचा प्रबंध असं कंपोझिंगचं काम सुरू केलं. मालकांनी खालची पुढची खोली दिली. खाली मंदा टाइप करायची आणि स्कॅनरवर फोटो घ्यायची, कारण गिऱ्हाईक तिथे यायचं. वर मी पानं लावायचो आणि प्रिंटर माझ्याकडे. मधे जिना, आणि जिन्यावर फ्लॉपी घेऊन चढउतार करणारा मी.

मालकांना दोन यंत्रं घरात आली याचा इतका आनंद झाला की सकाळी ते पोहे-जिलबी घेऊन आले आणि माझ्या कीबोर्डावर शेव सांडून म्हणाले, "बाबू, खातं चालू झालं!" मी त्यांच्यासाठी जन्मभर बाबूच राहिलो. त्यांनी दोन्ही कंप्यूटरवर तळवा ठेवून पाहिला, थरथर कशी आहे ते. मग नियम सांगितला. "मशीनला शिवी द्यायची नाही. फारच आली तर मला द्या."

मंडळाच्या स्मरणिकेचं काम मिळालं तेव्हा वाटलं, आता निभावलं. पाडव्याला मंडळाचा समारंभ, त्यात प्रकाशन. छापखान्याला पानं रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हवीत. अध्यक्षांनी स्पष्ट बजावलं होतं, "बघा हं, नाही जमलं तर तसं सांगा. दुसरीकडे देऊ. पण मग पुढचंही काम तिकडेच जाईल." पुढचं काम म्हणजे मंडळाच्या शाळेच्या प्रश्नपत्रिका, वार्षिक अहवाल, अर्ध्या मराठी इंदूरच्या पत्रिका. ते काम गेलं असतं तर देपालपूर होतंच.

आणि नेमकी त्याच वेळी मालकांनी खालच्या कंप्यूटरच्या फ्लॉपीच्या फटीत तेल घातलं.

हे मात्र शंभर टक्के खरं आहे आणि ते मी त्यांच्या बाजूने लिहितानाही लपवणार नाही. फ्लॉपी घालताना करकर आवाज यायचा. मंदा पाणी प्यायला आत गेली आणि झारी बाहेर आली. करकर थांबली. त्याबरोबर फ्लॉपी वाचणंही थांबलं.

मी नियम पाळला. कंप्यूटरला नव्हे, मालकांनाच बोललो. काय बोललो ते इथे छापता येणार नाही. त्यांनी सगळं ऐकलं, म्हणजे माझ्या ओठांवरून वाचलं, आणि म्हणाले, "तो बराबर. अब रस्ता बताओ. जिना बंद झाला तर दुसरा रस्ता कोणता?"

दुसरा रस्ता होता. दोन कंप्यूटर तारेने जोडले की इकडची फाइल तिकडे जाते, हे मी एका मासिकात वाचलं होतं. शिवाय फोटो फ्लॉपीत मावतच नव्हते. मालक झारी ठेवून बाहेर पडले आणि दुपारी खांद्यावर काळ्या वायरचं भेंडोळं टाकून परतले. एका कंप्यूटर क्लासने आपली जुनी मांडणी काढून टाकली होती. तिथल्या मास्तरांना पटवून त्यांनी वायर आणली, ती ज्यात खोचायची ती कंप्यूटरच्या पोटात बसणारी दोन कार्डं आणली, आणि वायरच्या दोन्ही टोकांना बसवायच्या धातूच्या छोट्या टोप्याही आणल्या. भेंडोळं त्यांनी रिकिबीला अडकवलं. टोप्या दाखवून म्हणाले, "ह्या सगळ्यात महत्त्वाच्या. मास्तर म्हणाला, एकसुद्धा राहिली तर सगळं बंद. हौ ना! दरबारात उघड्या डोक्याने कोण जातं?" तेव्हापासून त्या टोप्यांचं नाव पगडी.

वायर जाळीतून खाली सोडली. कार्डं बसवली. कंप्यूटरने दोन्हीकडे विचारलं, या यंत्राचं नाव काय? मी वर टाइप केलं, SHREE. खाली जाऊन टाइप केलं, SHREE. विचारसुद्धा केला नाही. आपल्याकडे कुठल्याही कोऱ्या कागदावर पहिलं काय लिहितात? दुकानाच्या वहीवर, पत्रिकेवर, मुलाच्या पाटीवर? हात आपोआप गेला. मिलमध्येही मी प्रत्येक फाइलीच्या कोपऱ्यात श्री लिहूनच मग सेठजींचा इंग्रजी मजकूर बडवायचो.

आणि कंप्यूटर बोलेनात.

रोज सकाळी मी वरचा चालू करायचो, मंदा खालचा. सुरू होताना एका पडद्यावर इंग्रजीत काहीतरी चौकट यायची. जुन्या यंत्रांवर अशा चौकटी येतच असत. मी एंटर मारायचो आणि मंदालाही सांगून ठेवलं होतं, "ती येते. एंटर मार, पुढे जा." मग मालक यायचे, आणि दिवसभर आम्ही कारण शोधायचो.

त्या दिवसांतले मालकांचे उपाय मी विसरणार नाही. आधी त्यांचं म्हणणं पडलं की वरचा उंचावर आहे, पाणीही वर चढायला पंप लागतो. म्हणून माझा कंप्यूटर टेबलावरून जमिनीवर आला. मग त्यांना वाटलं, दोघांची तोंडं विरुद्ध दिशांना आहेत, रुसल्यासारखी. मंदाचं टेबल फिरवलं गेलं आणि ती दोन दिवस गिऱ्हाइकाकडे पाठ करून बसली. पण मधेच ते एक बरोबर बोलून गेले. "बाबू, कधी वरचा मुका, कधी खालचा. मी बघतोय. जो मागून उठतो, तो मुका." मी लक्ष दिलं नाही. मी वायरकडे संशयाने बघत होतो, कारण ती मी आणलेली नव्हती.

त्याच सुमारास अध्यक्ष पानं बघायला आले. पानं नव्हती. मालक जिन्याखाली वायर निरखत उभे होते. अध्यक्षांनी विचारलं, "उशीर का होतोय?" आणि माझ्या तोंडून निघालं, "ह्यांनी केबल टीव्हीची वायर लावलीय, अध्यक्ष. त्याने कसं चालणार?"

वायर दिसायला तशीच होती, काळी आणि जाड. पण मला पक्कं माहीत होतं की ती क्लासमधून आली आहे. अध्यक्ष खो खो हसले. "वा मालक! आता कंप्यूटरवर पिक्चर लागणार!" मालकांनी माझ्याकडे पाहिलं. अध्यक्ष गेल्यावर म्हणाले, "वायरवर का घसरता, बाबू? तिची काही चूक सापडली का?" स्वतःबद्दल एक शब्द नाही. वायरचा अपमान झाला, एवढंच त्यांना लागलं.

दुसऱ्या दिवशी रंगपंचमी होती.

इंदूरची रंगपंचमी ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. सकाळपासून सगळं शहर रस्त्यावर, राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघालेली, पाण्याच्या तोफा, गुलालाचे ढग. आमच्या गल्लीचा स्वतःचा ढोल होता आणि खांबावर कर्णा. मालक दरवर्षी सगळ्यात पुढे असत. त्या दिवशी त्यांनी दाराला आतून कडी घातली, खिडक्यांच्या फटीत मिलच्या चादरी कोंबल्या आणि एक चादर खालच्या कंप्यूटरच्या डोक्यावर तंबूसारखी ताणली. बाहेरून पोरं दार बडवत होती, "मालक! बाहर आओ भिया! डर गए क्या?" मालकांनी बंद दाराकडे बघून ओठांनी जे उत्तर दिलं ते फक्त मालकीणबाईंना कळलं आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

"आज एकेक साचा चालवायचा," ते माझ्या कानाशी ओरडले. "मी उठताना बघणार. उठल्यावर नाही."

ढोल सुरू झाला, कर्णा सुरू झाला, आणि घरात एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. मालकांचा चेहरा उजळला. असा आवाज त्यांना मिल बंद झाल्यापासून मिळाला नव्हता. ते जाळीखाली छाती काढून उभे राहिले. त्यांनी मला वर पिटाळलं, मंदाला खाली यंत्रासमोर बसवलं, आणि तळहाताने मला हुकूम दिला. चालव.

मी वरचा चालू केला. तो नीट उठला. जाळीतून हात दाखवला. मग त्यांनी मंदाला खूण केली. मी गुडघ्यांवर बसून जाळीतून बघत होतो. खालचा उठला, पडद्यावर चौकट आली, आणि मंदाचं बोट सवयीने एंटरकडे गेलं.

मालकांची मूठ वर झाली. थांबव.

मंदाचं बोट हवेतच राहिलं. मालकांनी पडद्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या कानाकडे. त्याला काय म्हणायचंय ते ऐक. मंदाने चौकट वाचली. पुन्हा वाचली. मग ती उठून त्यांच्यासमोर उभी राहिली आणि ओठ मोठे मोठे हलवून तिने ते मराठीत सांगितलं. मला वरून कळलं नाही. मालकांना कळलं. त्यांनी मान वर केली, माझ्या यंत्राकडे बोट दाखवलं, मंदाच्या यंत्राकडे दाखवलं. मग डाव्या हाताचा गोल केला आणि उजव्या हाताची दोन बोटं एकत्र त्यातून आरपार घातली.

दोन धागे एका डोळ्यात.

आता मला वरूनही कळलं. दोघांचंही नाव श्री. जो आधी उठतो तो नाव घेऊन बसतो, मागून उठणाऱ्याला दारातच अडवतात. आणि हे तो बिचारा रोज सकाळी, स्वच्छ इंग्रजीत, एका इंग्रजी टायपिस्टला सांगत होता. टायपिस्ट एंटर मारत होता.

मी धावत खाली गेलो. मालकांनी मला शिवी दिली नाही. खांद्यावर थाप मारली ती इतकी जोरात की मी खुर्चीतच बसलो. "नाव बदला!" कानात ओरडले. "काय ठेवू?" मी ओरडलो. त्यांनी दाराकडे पाहिलं. बाहेर सगळं गाव राजवाड्याकडे चाललं होतं.

"वरचा राजवाडा, खालचा सराफा! राजवाड्यावरून सराफ्यात माणूस पायी जातो, भिया! फाइल का नाही जाणार?"

नावं बदलली. दोन्ही बंद केले. राजवाडा चालू केला, मग सराफा. चौकट आली नाही. मंदाने फोटोंचं फोल्डर दुसऱ्या यंत्रासाठी खुलं केलं, आणि त्याच्या चित्राखाली एक छोटा हात उमटला, फोल्डर तळव्यावर पेलून धरल्यासारखा. मालक त्या हाताकडे बघत राहिले. मग मंदाच्या कानाशी म्हणाले, "वहिनी, हा आपल्या खात्यातला दिसतो."

मी वर पळालो. ते माझ्या मागे, त्या वयात दोन-दोन पायऱ्या चढत. मी पडद्यावर शेजारची यंत्रं दाखवणारी खिडकी उघडली आणि त्यात दोन नावं होती. राजवाडा. सराफा. मी सराफ्यावर टिचकी मारली, फोल्डर उघडलं, पहिला फोटो उचलून माझ्याकडे टाकला. पडद्यावर कागद उडू लागले, या पाकिटातून त्या पाकिटात, एकामागून एक. मालकांनी माझ्या यंत्राच्या डोक्यावर तळवा ठेवला. दुसऱ्या हाताने वायर धरली, नाडी बघतात तशी.

फोटो उघडला. यंत्र जुनं, त्यामुळे तो वरून खाली हळूहळू उतरत आला. आधी दिव्यांची माळ, मग एक मोठी वर उचललेली सोंड. आमच्या मिलची अनंत चतुर्दशीची झांकी, म्हणजे चित्ररथ, होती ती. गाडीवर कापडाचा हत्ती, भोवती गर्दी, समोर ढोलवाले.

"मी!" मालक ओरडले.

मी पडद्यात शोधू लागलो. "कुठे?"

"आत! हत्तीच्या पोटात! सोंड वर आहे बघा. ती मी वर केलीय!"

त्यांनी जाळीतून खाली मंदाला दोन्ही हात हवेत फेकून दाखवले. ही खूण मी पूर्वी कधी पाहिली नव्हती आणि तिचा अर्थ कोणी सांगायची गरज नव्हती. खाली मंदा नाचत होती. मालकीणबाई नाचत होत्या. बाहेर ढोल वाजत होता, तो आम्ही आमचाच धरला. मग मालकांनी दार उघडलं, गल्लीतल्या पोरांना छातीवर घेतलं आणि नखशिखांत रंगून, पाणी निथळत, जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभे राहून म्हणाले, "मी आत येत नाही. फक्त सांगा, चल रिया है क्या?"

"चाललंय, मालक!"

दिवस मावळायच्या आत सगळे फोटो वर आले. दुसऱ्या दिवशी सकाळी पानं छापखान्यात होती. देपालपूरला मी त्यानंतर लग्नाकार्यालाच गेलो, आणि मेहुण्याच्या मुलींच्या पत्रिका आमच्याकडेच झाल्या. राजवाडा आणि सराफा पुढे बरीच वर्षं चालले. त्यांच्या जोडीला आणखी यंत्रं आली आणि मालक प्रत्येकाचं बारसं स्वतः करत. श्री त्यांनी परत कोणाला ठेवू दिलं नाही. "देवाला कामाला जुंपू नका," म्हणायचे.

राहिला तो पाडव्याचा समारंभ. पानं घ्यायला आलेल्या अध्यक्षांनी मला विचारलं होतं, "मग काय, वायर बदलली वाटतं?" मी म्हणालो, "हो." एवढंच. नाहीतर मला सांगावं लागलं असतं की मी रोज एक वाक्य न वाचता पुढे ढकलत होतो, आणि हे शाळेच्या प्रश्नपत्रिका ज्यांच्याकडून यायच्या होत्या त्यांना सांगायचा धीर मला झाला नाही. अध्यक्षांनी भाषणात तो किस्सा रंगवून सांगितला. टीव्हीची वायर, कंप्यूटरवर पिक्चर, सगळं. सभागृह हसून कोसळलं. माझा सत्कार झाला. नारळ हातात घेऊन मी पहिल्या रांगेकडे पाहिलं. कोशाचा फेटा बांधून मालक बसले होते. वाटलं, त्यांना ऐकू आलं नसेल. पण ते ओठ वाचायचे, आणि अध्यक्ष ध्वनिक्षेपकासमोर तोंड भरून बोलत होते. त्यांना अक्षरन् अक्षर कळलं होतं.

त्यांनी माझ्याकडे बघून तळवा जमिनीकडे केला आणि पुढे सरकवला. चालू राहू दे.

मी ते चालू ठेवलं, ते गेल्यावरही. दर वेळी स्वतःला सांगितलं, त्यांनीच खूण केली होती. पण जॉबर ही खूण साच्यासाठी करतो. साचा चालू राहावा, धंदा चालू राहावा, मंदा आणि मी इंदुरात राहावं, म्हणून त्यांनी ती केली. कापडात पडलेला दोष तसाच विणत जा, असं कुठला जॉबर सांगेल? आज मी मूठ वर केली आहे. तो किस्सा इथे थांबला. मंडळातल्या पोरांनी हवं तर तेलाचा सांगावा. तो जास्त चांगला आहे, आणि खरा आहे.

नव्या स्मरणिकेत झांकीचा तोच फोटो पुन्हा घेतला आहे. आता त्याला ना वायर लागत ना पगडी, माझ्या नातीने तो बोटाने सरकवून छापखान्याला पाठवला. त्याच्याखाली मागच्या वेळी फक्त 'मिलची झांकी' असं होतं. या वेळी ओळ मी लिहिली आहे. 'सोंड उचलणारे', आणि पुढे त्यांचं पूर्ण नाव, ठळक अक्षरात. तिथे लिहिलं म्हणून इथे लिहिलं नाही. छापून आलं की पान उघडून बघा. माणूस दिसणार नाही. सोंड बघा, केवढी वर गेली आहे ती.